नकाशातील चौकोन आणि गिरणगावची जमीन

शहरातील कोणती जमीन उद्या कशासाठी वापरली जाईल याचे भाकीत करण्याची हौस अर्थशास्त्राला जुनीच आहे. फॉन थ्यूनेन या जर्मन जमीनदाराने १८२६ मध्ये शेतजमिनीचा खंड आणि बाजारपेठेचे अंतर यांची सांगड घातली. विल्यम अलोन्सो याने १९६४ मध्ये तोच विचार शहराला लावला: मध्यवस्तीजवळच्या जागेसाठी जो अधिक मोजेल, जागा त्याची. अलीकडची संगणकी प्रतिमाने नकाशाचे बारीक चौकोन पाडतात आणि शेजारचा चौकोन बांधला गेला, जवळून रस्ता गेला, उतार सौम्य असला, तर हाही चौकोन बांधला जाण्याचा संभव किती, हे जुन्या नकाशांवरून ताडतात. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरासाठी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेले कीथ क्लार्क व सहकाऱ्यांचे प्रतिमान याच जातीचे. शहराच्या वेशीवरील शेते केव्हा बिगरशेती होतील, हे सांगण्यास ही रीत बऱ्यापैकी उपयोगी पडते.

मुंबईच्या गिरणगावात मात्र ती अडखळते. उंचावरून टिपलेल्या छायाचित्रात गिरणीचे छप्पर हा बांधलेला चौकोन असतो आणि त्या जागी उभा राहिलेला मॉल हाही बांधलेलाच चौकोन. मधल्या काळात साचे थांबले, पाळ्यांचे भोंगे बंद पडले, १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. प्रतिमानाच्या लेखी बदल शून्य!

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. अलोन्सोच्या हिशेबाने लोअर परळची जमीन फार पूर्वीच कचेऱ्यांकडे जावयास हवी होती. नियमाने ती उद्योगाकडे राखली होती, म्हणून गेली नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने वाट मोकळी केली, पण अटीवर: ढोबळ मानाने एक तृतीयांश जागा उद्याने-मैदानांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, उरलेली मालकाला. २००१ मध्ये ही वाटणी आधीच मोकळ्या असलेल्या जागेपुरती मर्यादित झाली. गिरणीची इमारत पाडून मोकळी होणारी जागा वगळली गेली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये नियमाचा व्यापक अर्थ लावला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. सुमारे सहाशे एकर जमिनीचे भवितव्य असे एका शब्दाच्या अर्थावर फिरले. ना उतार बदलला होता, ना रस्ता.

जुन्या नकाशांवरून शिकणारे यंत्र असा बदल ‘शहराचा कल’ म्हणून नोंदवते आणि मग तोच कल पुढच्या नियोजनात पुरावा म्हणून मांडला जातो. धोरणाची जबाबदारी अशी अलगद निसर्गाच्या खात्यावर जमा होते. हिशेबनीसाने असे केले असते तर लेखापरीक्षकाने त्याला सोडले नसते.

प्रतिमाने टाकून द्यावीत असा याचा अर्थ नव्हे. नियम हाच त्यांतील एक चल मानावा. नगररचना अधिनियमानुसार असा फेरबदल करताना नागरिकांच्या हरकती व सूचना मागविल्या जातात, परंतु सूचनेतील कायदेशीर मराठी चाळीतल्या माणसाने वाचून त्याला कळावे तरी काय? त्या सूचनेसोबत दोन नकाशे जोडणे शक्य आहे: जुन्या नियमाने वीस वर्षांनंतरचा परिसर आणि नव्या नियमाने वीस वर्षांनंतरचा. २००१ मध्ये असे दोन नकाशे परळ-लालबागच्या नाक्यांवर लागले असते, तर कोणते मैदान आणि किती घरे हातची जात आहेत, हे तेथील रहिवाशांनी एकरांत मोजले असते. आणि हरकत घेण्याची मुदतही तेव्हा संपलेली नसती.