पहिलं चित्र घेताय? सोफ्याचा रंग बघू नका, बिल मागा!



पापाटोएटोत आणि आजूबाजूला आपल्यापैकी बऱ्याच जणांची आता स्वतःची घरं झालीत. पडदे झाले, सोफा झाला, आणि मग हॉलमधली ती रिकामी भिंत डोळ्यांत यायला लागते. हल्ली मला वरचेवर विचारणा होते, "तू सीए आहेस ना, मग सांग, चित्रांत पैसे घालावेत का?" प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच इथे लिहिते. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

माझं मत सरळ आहे. चित्र जरूर घ्या, पण गुंतवणूक म्हणून घेऊ नका. हयात कलाकाराचं, हातानं काढलेलं, लहान का असेना, पण मूळ चित्र घ्या. आणि त्याचे कागद सांभाळा.

आधी पैशांचं बोलू. नागपूरला जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांचं १९६१ सालचं एक चित्र २०२१ मध्ये जवळपास ४० कोटी रुपयांना विकलं गेलं. अशा बातम्या आपल्या ग्रुपवर लगेच फिरतात. पण त्याच काळात प्रदर्शनांत विकली गेलेली आणि आज कोणी विचारत नाही अशी किती चित्रं असतील, त्यांची बातमी होत नाही. चित्राला व्याज नाही, डिव्हिडंड नाही, भाडं नाही. उलट फ्रेमचा खर्च, विम्याचा खर्च, आणि विकायला गेलात तर लिलाववाल्यांचं कमिशन.

इथे न्यूझीलंडमध्ये आणखी एक गंमत आहे. सरसकट भांडवली नफ्यावर कर नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण एखादी वस्तू विकण्याच्याच हेतूनं घेतली असेल तर तिच्यावरचा नफा करपात्र उत्पन्न ठरतो. म्हणजे "इन्व्हेस्टमेंट म्हणून घेतलंय" असं चारचौघांत सांगणारा माणूस आपला हेतू स्वतःच नोंदवून ठेवतोय! (तुमच्या बाबतीत नेमकं काय लागू होतं ते तुमच्या अकाउंटंटला विचारा.) रिटर्न हवा असेल तर मॉर्गेज लवकर फेडा. चित्र त्यासाठी नाही.

मग चित्र कशासाठी? तुमचं मूल पुढची दहा-पंधरा वर्षं रोज त्यासमोरून शाळेची बॅग घेऊन जाणार आहे, त्यासाठी. आपण मराठी शाळेत पाठवतो, गणपतीला लेझीम शिकवतो, आणि घरातली सगळ्यात मोठी भिंत मात्र फर्निचरच्या दुकानातल्या प्रिंटला देऊन टाकतो. ती प्रिंट सोफ्याला मॅच होते, पण तिच्याबद्दल मुलांना सांगण्यासारखं आपल्याकडे एक वाक्यही नसतं.

आता उलटं बघा. समजा एक खरं वारली चित्र घेतलं. मग सांगता येतं की डहाणू, तलासरीच्या पाड्यांवर लग्नात भिंतीवर चौक काढायचं काम सवाशिणींचं, रंग म्हणजे तांदळाचं पीठ. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे ही चित्रं कागदावर आणि कापडावर काढू लागले, जगभर पोचले, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. किंवा कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी. चित्रं दाखवत रामायण-महाभारत सांगायची ही ठाकर समाजाची कला. ती टिकवणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. एका चित्रातून एवढ्या गप्पा निघतात.

आणि फक्त "आपलं" घ्या असं मी म्हणत नाही. आपली मुलं सामोअन, टोंगन, माओरी मुलांबरोबर डबा खातात. ओटाराची फ्रेश गॅलरी, मांगेरे आर्ट्स सेंटर आपल्याला किती जवळ आहेत! मुलांना घेऊन जा, नुसतं बघा. पहिल्या दोन-तीन खेपांना काहीही घेऊ नका. ऑकलंड आर्ट गॅलरीतही आपल्या इथल्या रहिवाशांना प्रवेश मोफत आहे. डोळा तयार व्हायला वेळ लागतो, आणि तो वेळ फुकट आहे.

बजेट छोटं असेल तर कलाशाळांची वर्षअखेरची प्रदर्शनं बघा, उदाहरणार्थ ऑकलंड विद्यापीठाच्या इलामचं. मुंबईला गेलात तर काळा घोड्याला जहांगीरमध्ये चक्कर मारा, आणि बाहेर फुटपाथवर चित्रं मांडून बसलेल्यांकडेही बघा. ठरवलेली रक्कम डोक्यात पक्की ठेवा. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यावर चित्र घेऊ नका.

आता माझा आवडता विषय, कागद! 😄 घेताना एवढं विचाराच:

१. हे मूळ चित्र आहे की प्रिंट? प्रिंट असेल तर एकूण किती काढल्या? खाली १२/५० असं लिहिलेलं असेल तर पन्नासांतली बारावी. आकडाच नसेल तर पोस्टरचा भाव द्या.
२. बिलावर कलाकाराचं नाव, चित्राचं नाव, माध्यम, आकार, वर्ष आणि किंमत आहे का?
३. जुनं चित्र असेल तर आधी कोणाकडे होतं?

तिसरा प्रश्न उगाच नाही. माओरी व्यक्तिचित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या गोल्डीच्या चित्रांच्या नकला करणारा कार्ल सिम नावाचा माणूस याच देशात होऊन गेला. १९८५ मध्ये त्याला शिक्षा झाली. पुढे त्यानं कायदेशीररीत्या नावच बदलून "गोल्डी" करून घेतलं, म्हणजे तीच सही करायला मोकळा! वेलिंग्टनच्या अलेक्झांडर टर्नबुल लायब्ररीनं २०१३ मध्ये ७५,००० डॉलरला घेतलेलं लिंडाउअरचं चित्रही बनावट निघालं. मोठ्या संस्था फसतात, तिथे आपण कोण? हयात कलाकाराकडून थेट घ्या, निम्मी भीती तिथेच संपते.

भारतातून आणताना दोन गोष्टी लक्षात असू द्या. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलासंपदा कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, मग ती आजीच्या माजघरातली का असेना. राजा रविवर्मांची मूळ चित्रं तर नाहीच नाही. दुसरं म्हणजे, शेणानं सारवलेल्या कापडावरची वारली, बांबूची पट्टी, लाकडी फ्रेम हे सगळं ऑकलंड विमानतळावर डिक्लेअर करा. लपवलंत तर ४०० डॉलर दंड. पार्सलनं मागवलेल्या वस्तूची किंमत १००० डॉलरवर गेली तर कस्टम्सकडे १५ टक्के जीएसटीही धरून चाला.

काही जणांना इथला नवा कायदा खटकतो. १ डिसेंबर २०२४ पासून, २००० डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीला गॅलरी किंवा लिलावामार्फत चित्राची पुनर्विक्री झाली की ५ टक्के कलाकाराला. मला हे अगदी योग्य वाटतं. ज्याच्या हाताचं कौतुक म्हणून किंमत वाढली, त्याला नको का काही?

शेवटचं, जरा कडू. आपल्या पश्चात हे घर मुलं आवरणार आहेत. ज्या वस्तूची गोष्ट त्यांना माहीत नाही ती ऑप-शॉपमध्ये जाईल, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. म्हणून चित्र घेतल्याच्या दिवशीच एका कागदावर मराठीत चार ओळी लिहा. कोणी काढलं, कुठे घेतलं, किती दिले, आणि ते का आवडलं. बिलासोबत एका पाकिटात घालून फ्रेमच्या मागे लावा. चित्रावर थेट ऊन पडू देऊ नका, आणि दमट भिंतही टाळा.

ती चार ओळींची नोंद मुलांना हातानं लिहायला सांगितलीत तर मराठीचा गृहपाठही होईल. आणि कुठलं चित्र घ्यायचं यात त्यांना एक मत द्या. पूर्ण एक मत, हं. नुसतं "कसं वाटतंय बेटा?" नको.

तुमच्या भिंतीवर काय आहे? कोणाचं आहे, कुठून आणलंत? फोटो टाका, गोष्टीसकट.