सेनापतीवाचून शिस्त

मुंगी ही उद्योगाची मूर्ती, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आमच्या कोंकणीत तिला ‘मूय’ म्हणतात. नाव जेवढे लहान तेवढाच जीव. वारुळात राणी असते खरी. परंतु ती अंडी घालते, आज्ञा देत नाही. अन्न सापडलेली मुंगी परतताना वाटेवर गंध ठेवते. जवळच्या वाटेने येरझारा लवकर होतात, म्हणून तेथील गंध दाट होतो आणि इतर मुंग्या त्याच वाटेला लागतात. साऱ्या प्रदेशाचे ज्ञान एकीलाही नसते; तरी सर्वांस मिळून जवळचा मार्ग सापडतो.

संगणकशास्त्राने ही युक्ती उचलली. इटलीतील मार्को दोरिगो यांनी १९९२ च्या आपल्या प्रबंधात संगणकातील कृत्रिम मुंग्यांकडून अवघड प्रश्न सोडविण्याची रीत मांडली. २०१४ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात राधिका नागपाल व त्यांचे सहकारी यांनी १०२४ चिमुकले यंत्रमानव एकत्र आणले. प्रत्येकास घडवावयाची आकृती दिली होती. संदेश मात्र केवळ शेजाऱ्यांशीच देता-घेता येत असे. तेवढ्या बळावर त्यांनी तारकेचा आकार रचला.

यावरून कित्येकांस वाटते की, नियम साधे असले म्हणजे सुव्यवस्था आपोआप येते. आमच्या मते हे अर्धेच सत्य होय. सप्टेंबर १९९४ मध्ये आपल्या सुरतेत प्लेगची वार्ता पसरली. ‘शहर सोडा’ असे कोणी फर्मान काढले नव्हते. शेजारी निघाला म्हणून शेजारी निघाला, गर्दी पाहून गर्दी वाढली आणि थोड्याच दिवसांत लाखो माणसे गाव सोडून गेली. जिवाच्या भीतीने पळणाऱ्यांस आम्ही दोष देत नाही. परंतु शेजाऱ्याकडे पाहून पाऊल टाकण्याचा नियम तोच असूनही फळ किती निराळे आले!

याच शहरात १९९५ साली आयुक्त एस. आर. राव यांनी सहा विभागांच्या अधिकाऱ्यांकडे निर्णयाचे अधिकार सोपविले आणि त्यांस रोज रस्त्यावर उतरून पाहणी करावयास लावली. अधिकार वाटले गेले, तरी हेतू ठरविणारा व परिणाम तपासणारा कोणीतरी होता. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेने इंदूरसह पहिला क्रमांक मिळविला, त्या कीर्तीचा पाया तेव्हाच घातला गेला.

दोरिगो यांच्या मुंग्यांचा गंध मुद्दाम विरत ठेवलेला असतो, तो चुकीची वाट कायमची रुळू नये म्हणून. विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी अशी यंत्रे घडवील. त्याने दोन प्रश्न अवश्य विचारावेत : हा नियम कोणाच्या हिताचा? आणि चूक झाल्यास ती पुसण्याची सोय कोणती? तोवर मोबाइलवर आलेली वार्ता पुढे धाडण्यापूर्वी क्षणभर थांबावे. त्या वाटेवर गंधाचा एक थेंब आपणही टाकीत असतो.