सबसिडी कशासाठी मागायची? युरोपच्या शॉर्ट फिल्मवाल्यांकडून शिका



"सर, सबसिडी मिळाली की धंदा सुरू करतो." हे वाक्य मी जवळपास प्रत्येक बॅचमध्ये ऐकतो. आज त्यावर माझं मत सांगतो, पण उदाहरण घेतो युरोपातल्या शॉर्ट फिल्म आणि अ‍ॅनिमेशनचं.

धंद्याच्या हिशोबाने शॉर्ट फिल्म म्हणजे तोट्याचा माल. तिच्यासाठी वेगळं तिकीट काढून कोण थिएटरला जातं? तरीही तिथली सरकारं तिच्यावर पैसे लावतात, कारण उद्याचा दिग्दर्शक आणि अ‍ॅनिमेटर तिथेच घडतो.

युरोपियन युनियनचा २०१३ चा नियम बघा. सिनेमाला सरकारी मदत साधारण बजेटच्या ५० टक्क्यांपर्यंत. एकापेक्षा जास्त देशांनी मिळून केला तर ६० टक्के. बाकीचे पैसे निर्मात्याने उभे करायचे. पण शॉर्ट फिल्म, दिग्दर्शकाचा पहिला-दुसरा सिनेमा अशा अवघड कामांना ही मर्यादा लागत नाही. म्हणजे बाजार जिथे पैसे देत नाही, तिथे सरकारचा हात सैल.

"पण लोकांचा टॅक्स यात का घालायचा?" प्रश्न रास्त आहे. फ्रान्समध्ये १९४६ पासून सीएनसी ही सरकारी संस्था हे काम करते. सिनेमाच्या प्रत्येक तिकिटातले १०.७२ टक्के तिच्याकडे जातात, अगदी अमेरिकन सिनेमाच्या तिकिटातलेसुद्धा. धंद्याचा पैसा धंद्यातच फिरतो. मला हे पटतं.

आता रिझल्ट बघा. लॅटव्हियाच्या गिंट्स झिलबालोडिसने आधी शॉर्ट फिल्म्स केल्या, मग 'अवे' हा पूर्ण सिनेमा एकट्याने बनवला. त्यानंतर 'फ्लो'साठी लॅटव्हिया, फ्रान्स आणि बेल्जियमचे निर्माते एकत्र आले, सरकारी निधी मिळाला. सॉफ्टवेअर कुठलं? ब्लेंडर, जे फुकट मिळतं. बजेट सुमारे ३५ लाख युरो. २०२५ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं, तेही सुमारे २० कोटी डॉलरच्या 'इनसाइड आउट २'ला मागे टाकून.

क्रम लक्षात घ्या. आधी छोटं काम, मग मोठा निधी.

आपल्याकडची पीएमईजीपी योजनाच घ्या. सबसिडी १५ ते ३५ टक्के, स्वतःचे ५ ते १० टक्के, उरलेलं बँकेचं कर्ज. आणि सबसिडी ३ वर्षं बँकेतच अडकून राहते. म्हणजे पहिल्या दिवशी ती तुमच्या गल्ल्यात येतच नाही! तिच्या भरवशावर भाडं आणि पगार धरले, तर दुकान उघडण्याआधीच हिशोब चुकला.

म्हणून माझं स्पष्ट मत: सबसिडी जरूर घ्या, हक्काची आहे. पण तिची वाट बघत बसू नका. आधी तुमची 'शॉर्ट फिल्म' बनवा. मसाल्याचा धंदा करायचाय? ५ किलो बनवा, २० घरांत विका, खर्च आणि विक्री वहीत लिहा. ती वही घेऊन बँकेत जा. नुसत्या स्वप्नापेक्षा तिला जास्त वजन असतं.

चला, कामाला लागा. भेटू पुढच्या व्हिडिओत!