हमीचा कागद

काही शब्द असे असतात की, त्यांचा उच्चार घरोघर होतो. परंतु अर्थ विचारला असता भले भले घुटमळतात. ‘वॉरंटी’ हा त्यांपैकीच एक होय. गाडी घरी आली, तिला हार घातला, चाकांखाली लिंबे ठेविली, पेढे वाटले, की कोणी तरी विचारतोच, “वॉरंटी किती वर्षांची?” “तीन वर्षांची,” असे उत्तर मिळते आणि सर्वांचे समाधान होते. घेणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ असा की, तीन वर्षे काहीही मोडले तरी चिंता नाही. विकणाऱ्याच्या मनात अर्थ असा की, तीन वर्षे, परंतु कागदावर लिहिले आहे तितकेच. या दोन अर्थांमध्ये जे अंतर आहे, त्यात अनेक कुटुंबांचे पैसे आणि मनःस्वास्थ्य बुडते. यास्तव या खेपेस या कागदाविषयी चार शब्द लिहावे असे आम्ही योजिले आहे.

विकत घेतलेल्या वस्तूत मागाहून दोष निघाला तर काय करावे, हा प्रश्न नवा नव्हे. आपल्या धर्मशास्त्रकारांनी जी अठरा व्यवहारपदे सांगितली, त्यांत ‘क्रयविक्रयानुशय’ म्हणजे घेतल्याविकल्याचा मागाहून वाटणारा पस्तावा, हे एक स्वतंत्र पद आहे. मनूने अशा व्यवहारास दहा दिवसांची मुदत दिली. याज्ञवल्क्यस्मृतीत अधिक सूक्ष्म विचार आढळतो. बियाणे पारखण्यास दहा दिवस, लोखंडास एक दिवस, ओझे वाहणाऱ्या जनावरास पाच दिवस, रत्नांस सात दिवस, दुभत्या जनावरास तीन दिवस. (त्याच यादीत दासदासींच्याही मुदती आहेत, हे वाचून आज मान खाली जाते, तेही लपविण्याचे कारण नाही.) मुदत वस्तूच्या किमतीवरून ठरत नाही, तर तिच्यातील दोष उघडकीस येण्यास जितका काळ लागेल त्यावरून ठरते, हे यातील तत्त्व होय. बैल चालतो की बसतो, हे चार दिवस जुंपल्यावाचून कळत नाही.

आजच्या मोटारीची वॉरंटी याच तत्त्वावर उभी आहे. परंतु दोहोंत एक मोठा भेद आहे. स्मृतिकारांच्या वेळी मुदतीत दोष निघाला तर वस्तू परत जात असे. आजच्या कागदात बहुधा वस्तू परत घेण्याचे वचन नसतेच. सदोष भाग दुरुस्त करून देऊ किंवा बदलून देऊ, इतकेच वचन असते. “आम्हांस नवी गाडी द्या,” असा आग्रह धरून काउंटरवर आवाज चढविणाऱ्यांस रिक्त हस्ते परतावे लागते, त्याचे कारण हे आहे. जे वचन दिलेच नाही ते मागण्यात त्यांची शक्ती खर्च होते, आणि जे दिले आहे ते मागावयाचे राहून जाते.

तेव्हा कागदात काय असते ते पाहू. पहिली गोष्ट मुदतीची. ती वर्षांत व किलोमीटरांत, अशी दुहेरी लिहिलेली असते आणि दोहोंपैकी जी आधी संपेल ती खरी. दुसरी गोष्ट वगळलेल्या भागांची. ब्रेकचे पॅड, क्लच प्लेट, वायपरची रबरे, फिल्टर, बल्ब यांसारखे वापराने झिजणारे भाग बहुधा वगळलेले असतात. टायर व बॅटरी यांची हमी ज्या त्या कारखानदाराची वेगळी असते. तिसरी गोष्ट अटींची. ठरल्या वेळी सर्व्हिसिंग झाले पाहिजे व त्याची नोंद असली पाहिजे. ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’ म्हणून जादा पैसे घेऊन जी दिली जाते, तो पुष्कळदा निराळा करार असतो व त्याच्या अटीही निराळ्या असतात. तो कागद स्वतंत्रपणे वाचावा.

आता हे सारे प्रत्यक्षात कसे उतरते, याचे एक घरगुती उदाहरण देतो. आमच्या एकत्र कुटुंबात तिघा भावांनी मिळून एक मोटार घेतली. ती चालविण्याचे व सांभाळण्याचे काम थोरल्या बंधूंच्या धाकट्या मुलाकडे आहे. गाडीस दोन वर्षे होऊन गेली होती व ती चोवीस हजार किलोमीटर चालली होती. साताऱ्यास एका मुंजीसाठी आम्ही सारे निघालो असता खंबाटकीच्या चढणीवर इंजिनाच्या उष्णतेचा तांबडा दिवा लागला. पुतण्याने तत्काळ गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले, धोक्याचे दिवे लावले, त्रिकोण मागे ठेविला आणि आम्हां सर्वांस वाहतुकीच्या विरुद्ध बाजूने उतरवून रस्त्यापासून दूर उभे केले. थोरले बंधू म्हणाले, “झाकण उघडून पाणी ओत.” तो म्हणाला, “काका-बाबा, आत दाब असतो. आता उघडले तर उकळते पाणी तोंडावर येईल.” त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. कंपनीच्या मदतवाहनाने गाडी ओढून नेली, आम्ही भाड्याच्या वाहनाने मुंज गाठली. (राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावरही मदत मागता येते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.)

तीन दिवसांनी विक्रेत्याच्या वर्कशॉपमधून निरोप आला : इंजिनाचे हेड गॅस्केट गेले आहे, कूलंट खालच्या रेषेच्याही खाली होते, सबब हा मालकाचा निष्काळजीपणा असून काम वॉरंटीत बसत नाही, खर्च अडुसष्ट हजार रुपये. रक्कम मोठीच होती. परंतु घरात त्याहून जड झाला तो ‘निष्काळजीपणा’ हा शब्द. तिघांच्या पैशांची वस्तू ज्याच्या हाती दिली होती, त्याच्याकडे सर्वांच्या नजरा वळल्या. “आजकालच्या मुलांना फक्त चालविता येते,” असे कोणी म्हणाले. पुतण्या काही बोलला नाही. दुसरे दिवशी आमच्या वहिनींकडून कळले की, हप्त्याहप्त्याने आपल्या पगारातून सारी रक्कम भरण्याचे त्याने मनाशी ठरविले आहे. आम्हांस ते पटेना. पैसे भरणे हा वेगळा प्रश्न. परंतु पैसे भरताच तो दोष त्याने मान्य केला असे होणार होते.

गाडीच्या कागदांची फाइल त्याने उत्तम ठेविली होती. ती घेऊन आम्ही दोघे वर्कशॉपमध्ये गेलो. तेथील सल्लागार तरुण, सभ्य व घाईत होते. “काका, कूलंट कमी होते, म्हणजे लक्ष दिले गेले नाही,” असे ते म्हणाले. आम्ही म्हटले, “कमी होते हे आम्हांसही मान्य आहे. परंतु ते गेले कोठे?” इंजिन थंड ठेवणारा हा द्रव बंद नळ्यांतून फिरतो; पंप त्यास फिरवितो, रेडिएटर त्याची उष्णता बाहेर टाकतो. नीट असलेल्या बंद मंडलातून तो अल्पावधीत नाहीसा होत नाही. झाला तर कोठून तरी गळला असला पाहिजे. शिवाय सात आठवड्यांपूर्वीच याच वर्कशॉपमध्ये गाडीचे सर्व्हिसिंग झाले होते आणि त्यांच्याच तपासणीपत्रकावर कूलंटच्या रकान्यापुढे ‘ठीक’ अशी खूण होती. तो कागद आम्ही त्यांच्यासमोर ठेविला आणि दोनच विनंत्या केल्या : नकाराचे कारण जॉबकार्डावर लेखी द्यावे आणि गाडी उचलून आम्हांस खालून दाखवावी.

गाडी वर घेतली गेली. तेथील एका वयस्क मेकॅनिकाने दिव्याचा झोत पंपावर टाकला. पंपाच्या अंगास एक बारीक छिद्र असते. आतील सील खराब झाले म्हणजे द्रव त्यातून बाहेर पाझरतो. त्या छिद्राखाली गुलाबी रंगाचा वाळलेला ओघळ स्पष्ट दिसत होता. तो मेकॅनिक आपण होऊनच म्हणाला, “हा पंपच गेलाय साहेब, हळूहळू गळत होता.” सल्लागारांनी त्याची छायाचित्रे काढून कंपनीकडे पाठविली. पाच दिवसांनी मंजुरी आली. पंप, गॅस्केट व हेडचे काम वॉरंटीत झाले. कूलंट व इंजिन ऑइल यांचे पैसे आम्ही दिले. कारण आमच्या कागदात ती वगळलेल्या वस्तूंत होती, आणि कागद आपल्या बाजूने वाचावयाचा तसा त्यांच्याही बाजूने वाचला पाहिजे. सारे होण्यास एकोणीस दिवस लागले. त्या रात्री थोरल्या बंधूंनी पुतण्यास जेवावयास आपल्या शेजारच्या पाटावर बोलाविले. घरातील तो विषय तेथे संपला.

या प्रसंगावरून निघणारे नियम सोपे आहेत. गाडी वर्कशॉपमध्ये देताना तक्रार आपल्या शब्दांत जॉबकार्डावर लिहवून घ्यावी व त्याची प्रत घ्यावी. ‘जनरल चेकअप’ एवढे मोघम लिहू देऊ नये. किलोमीटरचा आकडा व तारीख पाहावी. वॉरंटी नाकारली तर कारण लेखी मागावे. तोंडी नकार देणे सोपे असते, लेखी देताना मनुष्य विचार करतो. बदललेला जुना भाग पाहावयास मागावा. दुरुस्ती पटली नसेल तर ‘समाधान झाले’ या ओळीखाली सही करू नये. करणे भाग पडले तर आपला आक्षेप तेथेच लिहावा. तोच दोष पुन्हा आला तर मागील जॉबकार्डाचा क्रमांक नव्यावर नोंदवावा. एकच दोष चारदा आला हे सिद्ध करण्यास याहून बळकट पुरावा नाही.

पुष्कळांस एक भीती असते की, बाहेरच्या गॅरेजात एखादे काम केले की सारी वॉरंटी गेली. या विषयी भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली चौदा मोटार कंपन्यांविरुद्ध एक मोठा निर्णय दिला होता. अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड सांगितला होता आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणास्तव सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असे म्हटले होते. बाहेरच्या सदोष कामामुळे जे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरता नकार रास्त. पुढे त्या निर्णयावर अपिले झाली. तरीही व्यवहारात शहाणपण हेच की, मुदत असेतो मुख्य यंत्राचे काम अधिकृत ठिकाणीच करावे. वादास कारण ठेवू नये.

सामोपचाराने न भागल्यास कायदा आहे. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यात सदोष वस्तूबद्दल कारखानदार, विक्रेता व सेवा देणारा यांच्या जबाबदाऱ्या वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. म्हणून “कंपनीस विचारा” व “डीलरास विचारा” या दोन दारांमध्ये ग्राहकाने हेलपाटे घालण्याचे कारण नाही, दोघांसही प्रतिवादी करता येते. पन्नास लाखांपर्यंत किंमत दिली असल्यास तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते, आणि ती आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. वकील द्यावाच लागतो असे नाही. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. पाच ते दहा लाखांस दोनशे रुपये, दहा ते वीस लाखांस चारशे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. यंत्रातील दोष परीक्षेवाचून कळण्यासारखा नसेल, तर आयोग योग्य प्रयोगशाळेकडून परीक्षा करवितो. तत्पूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवून पाहावी.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काउंटरमागे बसलेला तरुण हा आपल्याच घरातील मुलांसारखा नोकरदार असतो. मंजुरी त्याच्या हाती नसते. वरच्यांस पटेल असा पुरावा मात्र तो पाठवू शकतो. त्याच्यावर ओरडून तो आपला विरोधक होतो; त्याच्या हाती तारीखवार कागद दिले तर तो आपला साहाय्यक होतो. तसेच तांबडा दिवा लागल्यावरही ‘आलेच आता गाव’ म्हणून गाडी दामटली, तर पुढील नुकसान आपल्याच पदरी येते. हमीपत्र निसर्गनियमास बांधलेले नाही.

आपल्या घरांतून जमिनीचे उतारे, कुळकटीचे कागद, दागिन्यांच्या पावत्या पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेविलेल्या असतात. त्याच पेटीत आता गाडीच्या जॉबकार्डांसही जागा द्यावी, आणि ती लावून ठेवण्याचे काम घरातील एखाद्या मुलावर वा मुलीवर सोपवावे. विश्वासाने सोपविलेली वस्तू आपण विश्वासाने सांभाळली, हे पुढे मागे सिद्ध करण्याची पाळी आली, तर त्या मुलास घरातील वडीलधाऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागू नये. कागदाने त्याच्या बाजूने बोलावे.