लांबची सिस्टर, खाटेजवळची सिस्टर आणि तुमचा पुण्यातला अकाउंटंट



गेवराई, माजलगाव, केजकडची पोरं मला हमखास विचारतात, "सर, धंदा इथं, पण हिशोबवाला पुण्यात अन् डिझाइनवाला नाशिकला. न दिसणाऱ्या माणसावर भरवसा कसा ठेवायचा?" काहीजण उत्तरही तयार ठेवतात: कॅमेरा लावू का, स्क्रीन दिसेल असं सॉफ्टवेअर घेऊ का?

थांबा जरा. आधी टेली-आयसीयू बघू. 2000 साली अमेरिकेत व्हर्जिनियातल्या सेंटारा हॉस्पिटलनं हे सुरू केलं. कोविडमध्ये, 2020 साली, आपल्या शेजारच्या जालन्यातही ही सोय आली. पेशंट इथं, मॉनिटरचे आकडे लांबच्या केंद्रात, तिथं तज्ज्ञ डॉक्टर. अनेक केंद्रांत त्यांच्या जोडीला अनुभवी सिस्टरही बसतात. बीडहून सिरीयस पेशंट संभाजीनगरला न्यायचा म्हणजे सव्वाशे किलोमीटरच्या वर. त्यामुळे ही सोय आपल्यासाठी चैनीची नाही.

आता रात्रीचे तीन वाजलेत असं समजा. खाटेजवळची सिस्टर चार नंबरच्या पेशंटच्या नळीतला कफ काढतेय. सात नंबरचं बीपी दोन तासांपासून थोडं थोडं उतरतंय. प्रत्येक आकडा सुटा बघितला तर ठीक वाटतो, घसरण दिसते ती लांबच्या सिस्टरला, कारण तिच्यापुढं पूर्ण रात्रीचा आलेख आहे. उलटही होतं. लांबून ऑक्सिजन 82 दिसतो, ती घाबरून फोन करते, आणि इथली सांगते, "ताई, पेशंटला कुशीवर वळवलं, बोटाचा क्लिप निसटलाय." हात लावून बघता येतो तो इथल्याच सिस्टरला. घाम, थंड पडलेले पाय, नातेवाइकाचा चेहरा, यातलं काही स्क्रीनवर धड येत नाही.

म्हणजे दोघींकडं अर्धं अर्धं चित्र. तरी ही जोडी मोडते, आणि माझ्या मते मोडते ती मशीनमुळे नाही, मानामुळे. खाटेजवळच्या सिस्टरला वाटलं की वरून कुणीतरी चुका मोजतंय, की ती फोन उचलायला टाळाटाळ करते. घसरलेल्या बीपीचा निरोप मग कुणाला द्यायचा? तो उशीर पेशंटच्या जिवावर येतो.

म्हणून चांगल्या केंद्रांत कॅमेरा सुरू करण्याआधी बेल वाजवतात. आत कोण बघतंय ते सांगतात. लांबच्या खुर्चीत बसवतात ती आयसीयूत काही वर्षं काढलेली सिस्टर, काही ठिकाणी तर त्याच सिस्टर आलटून पालटून दोन्हीकडं काम करतात. औषधाचा डोस फोनवर सांगितला तर ऐकणारी तो परत म्हणून दाखवते. यात अपमान कुणाचाच होत नाही, कारण नियम दोघींना सारखा.

आता तुमच्या दुकानात या. अकाउंटंटला न सांगता स्क्रीन बघणारं सॉफ्टवेअर बसवलंत, तर तो तुमच्यापासून चुका लपवायला शिकेल. हे मी ठामपणे सांगतो, कुणाला पटो न पटो. बघायचंच असेल तर बेल वाजवून बघा. जीएसटीचा आकडा फोनवर दिला तर तो परत म्हणायला सांगा, आणि तुम्हीही म्हणा. लाइट गेली, नेट बंद पडलं, तर निर्णय कुणाचा, हेही आधीच ठरवा. आयसीयूत तो खाटेजवळच्या माणसांचा असतो. तुमच्याकडं काउंटरवरच्या पोराचा असू द्या, रकमेची मर्यादा घालून द्या हवं तर.

आणि काम देण्याआधी त्या पुण्याच्या माणसाला आठवडाभर इथं बोलवा. उधारीची वही कशी चालते, बाजाराच्या दिवशी गर्दी किती होते, सोयाबीन विकलं गेलं की लोक पैसे कसे आणून देतात, ते त्याला काउंटरवर उभं राहून बघू द्या. एसटीचं तिकीट तुम्ही काढा.