बिजागरीचं आयुष्य

पुण्याच्या तपकीर गल्लीत, एका जिन्याखाली, जेमतेम दोन स्टुलं मावतील एवढ्या जागेत लॅपटॉप दुरुस्त करणारे एक काका बसतात. गेल्या आठवड्यात भाचीचा लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो. भाची आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पडदा मागे पूर्ण वळवला की तिचा लॅपटॉप टॅब्लेट होतो आणि त्यावर पेनाने रेखाटता येतं, म्हणून हौसेने घेतलेला. वर्षभरातच पडदा उघडताना कर्र असा आवाज यायला लागला. मग डाव्या कोपऱ्यात नखाएवढी फट दिसू लागली. आणि एका सकाळी तिने उघडायला घेतला तर आतून काहीतरी तुटल्याचा आवाज झाला. ‘‘मामा, आता तो धड उघडतही नाही आणि मिटतही नाही,’’ ती फोनवर म्हणाली. सबमिशन चार दिवसांवर होतं.

काकांनी खालचं झाकण काढून बॅटरीचा प्रकाश टाकला आणि म्हणाले, ‘‘बोर्ड चांगलाय सर, स्क्रीन चांगली, बॅटरी पण चांगली. हिंजचं काम आहे. म्हणजे हिंज पण शाबूत आहे, त्याला धरून ठेवणारं प्लास्टिक गेलंय.’’ त्यांच्या मागच्या फळीवर त्याच दुखण्याचे आणखी तीन लॅपटॉप पडून होते. तिन्ही वेगवेगळ्या कंपन्यांचे.

काकांचं हे निदान समजून घेण्यासारखं आहे. बिजागरी पोलादी असते, ती सहसा तुटत नाही. पडदा ज्या कोनात सोडावा त्या कोनात थांबावा म्हणून ती मुद्दामच घट्ट ठेवलेली असते. बोटाने किंवा पेनाने पडद्यावर काम करताना तो मागे कलंडू नये, म्हणून वळणाऱ्या लॅपटॉपात हा घट्टपणा आणखी लागतो. बिजागरी स्क्रूने बसवतात, आणि बेताच्या किमतीच्या लॅपटॉपांत ते स्क्रू प्लास्टिकमध्ये रुतवलेल्या इवल्याशा पितळी नटांत पिळलेले असतात. आतलं ग्रीस वाळलं, धूळ बसली की बिजागरी जड होते. आपल्याला ते कळत नाही, आपण थोडा अधिक जोर लावून पडदा उचलत राहतो. पोलाद तो जोर सोसतं, प्लास्टिक सोसत नाही. त्यातच कोपऱ्याला धरून एका हाताने उघडायची सवय असेल तर दोन बिजागऱ्यांचा भार एकीवर येतो. एक दिवस नट मुळासकट उपटून येतो. पडद्याकडे जाणारी बारीक केबलही बिजागरीजवळूनच जाते, ती चिमटली की पडदाही काळा होतो.

म्हणून कर्र आवाज आला त्याच आठवड्यात दुरुस्तीला जावं. बिजागरीचा ताण किंचित सैल करून ग्रीस लावणं हे हाताखालचं काम आहे. फट दिसेपर्यंत थांबलं तर प्लास्टिक चिकटवावं लागतं, आणि चिकटवलेलं प्लास्टिक पहिल्यासारखं कधीच होत नाही. त्यानंतर मात्र पूर्ण बॉडीच बदलायला लागते.

भाची आवाज यायला लागल्यावर कंपनीच्या सेवा केंद्रात गेली होती, हे मला नंतर कळलं. वॉरंटी चालू होती. ‘नवीन आहे, आवाज करणारच’ असं तोंडी सांगून तिला परत पाठवलं. तुटल्यावर गेली तेव्हा ‘फिजिकल डॅमेज’ असा शेरा मारून खर्चाचा आकडा हातात दिला. पहिल्या भेटीची नोंद कुठेच नव्हती. मला या गोष्टीचा राग आहे आणि तो इथे नोंदवून ठेवतो. ज्या यंत्राची जाहिरातच ‘वळवा, दुमडा, फिरवा’ अशी असते, त्याचं वळणारं अंगच मोडलं तर तो वापरणाऱ्याचा दोष कसा?

पडदा वळवणारे संगणक काही काल-परवाचे नाहीत. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २००२ मध्ये विंडोज एक्सपीची टॅब्लेट आवृत्ती बाजारात आणली आणि पाठोपाठ बऱ्याच कंपन्यांनी असे लॅपटॉप काढले. २००५ मधल्या थिंकपॅड एक्स४१ टॅब्लेटला मधोमध एकच बिजागरी होती. पडदा अर्धा फेरा फिरवून पाठीवर झोपवायचा, तोही एकाच दिशेने. उलट फिरवायला गेलं की मोडलाच. २०१२ मध्ये लेनोव्होचा योगा आला आणि पडदा गोल फिरवण्याऐवजी मागे पूर्ण ३६० अंश दुमडायची पद्धत रूढ झाली. आज दुकानात दिसतात ते बहुतेक याच वंशातले. त्याच कंपनीने २०१४ च्या योगा ३ प्रोला घड्याळाच्या पट्ट्यासारखी बिजागरी दिली. पोलाद आणि ॲल्युमिनियमचे आठशेहून अधिक तुकडे जोडून ती केली होती.

पण बिजागरीचा विषय निघाला की मला आठवतं ते रायगड जिल्ह्यातलं खैराट. तिथल्या धनगरवाड्यातल्या एकशिक्षकी, एका खोलीच्या शाळेत २००७ मध्ये ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप मुलांच्या हाती आले. एक्सओ हे त्या यंत्राचं नाव. तोही टॅब्लेट होणाराच: साडेसात इंची पडदा फिरवून पाठीवर झोपवला की मुलं ते पुस्तकासारखं धरून वाचू शकत, तेही भर उन्हात, कारण पडदाच तशा रीतीने घडवलेला होता. आत पंखा नाही, फिरणारी हार्ड डिस्क नाही. कीबोर्डवर सलग रबर, पाणी-धूळ आत जायला वावच नाही. वर सशासारखे दोन कान. ते उभे केल्याशिवाय यंत्र उघडत नसे. उभे असताना ते वायरलेसचे अँटेना, मिटले की यूएसबीच्या भोकांवरची झाकणं. आणि मला सगळ्यात भावलेली गोष्ट म्हणजे त्याच्या मुठीच्या पोकळीत सुटे स्क्रू ठेवलेले असत. एखादा हरवला तर तिथूनच काढून लावायचा.

त्या प्रकल्पाने दिलेली सगळी वचनं पाळली गेली नाहीत. शंभर डॉलरचा म्हणून गाजलेला लॅपटॉप प्रत्यक्षात दोनशेच्या घरात गेला. आपल्या केंद्र सरकारने तर २००६ मध्येच त्याला नकार कळवला होता. नुसत्या यंत्राने शिक्षण होतं या कल्पनेवर झालेली टीका मला पटते. तरी त्या मुठीतल्या स्क्रूंना माझा नमस्कार आहे. हे यंत्र पडणार, आपटणार आणि कुणीतरी साध्या स्क्रूड्रायव्हरने ते उघडणार, हे बनवणाऱ्यांनी आधीच धरून ठेवलं होतं. आजच्या दुमडत्या लॅपटॉपात काच आणि पडदा एकमेकांना चिकटवलेले असतात. काचेला तडा गेला तर सहसा अख्खा संच बदलायचा. जी काळजी तिथे यंत्राच्या घडणीतच होती ती इथे आपल्या हातांना घ्यावी लागते.

तर नवा घेतला असेल तर पहिल्या दिवशी हे करा. बिल आणि मागचा सिरियल नंबर यांचा फोटो काढून ठेवा. यंत्र टेबलावर ठेवून, पडद्याच्या वरच्या कडेला मधोमध किंवा दोन्ही बाजूंना धरून, सावकाश पूर्ण फेरा द्या. चारही कोपरे निरखा. कुठे अडकतंय, आवाज येतोय, एक बाजू दुसरीच्या मागे राहतेय असं वाटलं तर बदलून मागण्याची वेळ तीच. टॅब्लेट केल्यावर पडद्याचा कोपरा धरून उचलू नका, दोन्ही थर मिळून धरा. माझं मत विचाराल तर दिवसातून दहादा रूप पालटण्यात काही अर्थ नाही. सकाळी टंकायचं काम उरकावं, मग वळवून रेखाटायला बसावं. नुसतं पाहायचं-ऐकायचं असेल तर तंबूसारखा उभा करावा. तसा ठेवल्याने हवाही नीट खेळते.

सुरुवातीलाच आणखी एक काम करायचं असतं आणि ते बहुतेकांचं राहून जातं. विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला की अनेक यंत्रांवरची सगळी माहिती आपोआप कुलूपबंद होते. तिची ४८ अंकी किल्ली त्या खात्यात जपलेली असते. दुकानदाराने घाईत कुठल्यातरी ई-मेलवर खातं उघडून दिलं आणि नंतर तो पत्ता कुणालाच आठवला नाही, तर एखाद्या दुरुस्तीनंतर यंत्र ती किल्ली मागतं आणि घरचे फोटो, प्रबंध, हिशेब सगळं आतच राहतं. खातं स्वतःच्या हाताने उघडा आणि किल्ली वहीत लिहून ठेवा. मराठीसाठी स्वतंत्र काही विकत घ्यावं लागत नाही, विंडोजमध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे. भाषांच्या सेटिंगमधून तो जोडला की झालं.

या यंत्रांचे काही स्वभाव माहीत नसले की माणूस उगाच घाबरतो. टॅब्लेट झाल्यावर कीबोर्ड बंद पडतो, तो बिघडलेला नसतो. आपली बोटं मागच्या बाजूला लागणार म्हणून तो मुद्दाम झोपवलेला असतो. पुन्हा लॅपटॉप केल्यावरही जागा झाला नाही तर एकदा रीस्टार्ट करावं. पडदा मिटल्याचं अनेक यंत्रांना चुंबकामुळे समजतं. त्यामुळे चुंबकाच्या बटणाची पर्स किंवा मोबाईलचं कव्हर कीबोर्डच्या कडेला टेकलं तर पडदा अचानक विझतो. पर्स बाजूला केली की सगळं ठीक.

पेन विकत घेण्यापूर्वी लॅपटॉपचं मॉडेल दुकानदाराला दाखवा. पेनांच्या तंत्राचे निरनिराळे प्रकार आहेत, एकाचं पेन दुसऱ्यावर चालेलच असं नाही. काहींना ‘एएएए’ म्हणजे चार ए असलेली काडीसारखी बारीक बॅटरी लागते. तालुक्याच्या गावी ती मिळणं अवघड, तेव्हा दोन जास्तीच्या आणून ठेवाव्यात. आणि पेन कीबोर्डवर ठेवून पडदा मिटू नका. असा काचेचा तडा काकांना महिन्यात एकदा तरी बघावा लागतो, असं ते सांगतात.

टॅब्लेट झालेला लॅपटॉप आपण गादीवर, गोधडीवर, उशीवर घेऊन बसतो. हवा जायच्या फटी खाली किंवा बिजागरीपाशी असतात, त्या झाकल्या की आतली उष्णता आतच कोंडते, आणि लिथियम बॅटरीला उष्णतेइतकं दुसरं काहीच मारत नाही. पहिल्यांदा आठ तास चार्जिंग करायची गरज जुन्या प्रकारच्या बॅटऱ्यांबरोबर संपली. सतत चार्जरला लावून काम करत असाल तर कंपनीच्याच ॲपमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय बहुधा सापडेल, ती चालू करा. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला, क्लिक होईनासा झाला, पडदा मिटल्यावर मध्ये फुगीर दिसला, तर बॅटरी फुगली आहे. तिथेच थांबा. चार्जर काढा, दाबू नका, टोचू नका, थेट दुरुस्तीला न्या. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते.

धातूच्या अंगाचा लॅपटॉप चार्जिंगला असताना हाताला झिणझिण्या येतात, ही तक्रार जुन्या वाड्यांतून आणि गावाकडच्या घरांतून नेहमी येते. बऱ्याचदा कारण एकच, सॉकेटला अर्थिंग नसणं किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या ॲडॅप्टरवर चालवणं. लॅपटॉप बदलण्याआधी वायरमन बोलवा.

कोकणात राहणाऱ्यांनी पावसाळ्यात असा लॅपटॉप लोखंडी कपाटात कपड्यांखाली महिनोन्महिने ठेवू नये. दमटपणा आत धरून राहतो. दोन-चार दिवसांनी तासभर चालू केला तर त्याच्याच उबेने ओल निघते. एसीतून एकदम बाहेर दमट हवेत आणला तर अर्धा तास बंदच ठेवावा. पुसताना यंत्र बंद करून, मऊ कापड किंचित ओलं करून पुसा. खिडकीच्या काचा पुसायचा स्प्रे पडद्यावर कधीही मारू नका, त्याने काचेवरचा लेप जातो. टॅब्लेट केला की कीबोर्ड टेबलाला टेकतो, तेव्हा पोह्याची बशी ठेवलेली जागा आधी कोरडी पुसून घ्यावी.

भाचीच्या लॅपटॉपला काकांनी आतून पातळ धातूची पट्टी बसवली, दोन्ही बिजागऱ्या सैल करून ग्रीस लावलं आणि तिसऱ्या दिवशी परत दिला. सबमिशन झालं. बॉडी मागवायची म्हटली तर सुटा भाग बाजारात मिळेना. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, पण पडद्याचं मागचं झाकण आणि बिजागरी यांचे सुटे भाग रीतसर किमतीला काकांसारख्या माणसापर्यंत पोचत नाहीत, तोवर त्या हक्काचा सामान्य ग्राहकाला उपयोग नाही. कंपन्यांनी वळणाऱ्या लॅपटॉपच्या बिजागरीला स्वतंत्र, लेखी वॉरंटी द्यायला हवी. ती मिळेपर्यंत आपण ती मागत राहायला हवी.

तुमच्या घरी असा लॅपटॉप असेल तर आज रात्री, घर शांत झाल्यावर, तो एकदा सावकाश उघडून कान देऊन ऐका. कर्र आवाज आला आणि वॉरंटी अजून शिल्लक असेल, तर उद्याच व्हिडिओ काढून ई-मेलने तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक घ्या. तोंडी उत्तरावर परत येऊ नका. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.