दूरचें पांखरूं कीं घरचें माणूस ?

गेल्या महिन्यांत आमच्या एका वाचकभगिनींचें पत्र आलें. पत्र अगदीं सुटसुटीत होतें. "घरांत सोळा माणसें, कॅमेरा एकच घ्यावयाचा. मुलगा म्हणतो, चंद्रावरचे खड्डे दाखविणारा लांब झूमचा घ्या. यजमान म्हणतात, भिंगें बदलतां येतात तो डी. एस्. एल्. आर्. घ्या. दोघेहि पुराव्यादाखल सुंदर सुंदर चित्रें दाखवितात. आम्हीं कोणाचें ऐकावें ?" सेवानिवृत्त संस्कृत शिक्षकास कोणी असा प्रश्न विचारावा याचें आम्हांस प्रथम हसूं आलें. परंतु नेमका हाच कलह आमच्या घरांत दोन वर्षें चालून गेल्या माघांत मिटला असल्यामुळें, उत्तर देण्याचा थोडासा अधिकार आम्हांस आहे असें वाटतें. तो अधिकार आम्हीं कांहींसा महाग विकत घेतला आहे. तेंहि ओघानें सांगूं. फोन हातांत असतांना निराळा कॅमेरा हवाच कशाला, हा प्रश्न मात्र बाजूस ठेवतों. ज्या घरीं तो घ्यावयाचा ठरलाच आहे, त्या घरापुरतेंच हें लिहिणें आहे.

आधीं दोन्ही यंत्रांची ओळख करून घेऊं. डी. एस्. एल्. आर्. हा आरशाचा कॅमेरा. भिंगांतून आलेला प्रकाश आंतील आरशावरून वर वळून आपल्या डोळ्यास पोंचतो. कळ दाबतांच आरसा वर उचलला जातो आणि तोच प्रकाश मागच्या सेन्सरावर, म्हणजे चित्र उमटविणाऱ्या पाटीवर, पडतो. याचें भिंग काढून दुसरें लावतां येतें. ब्रिज कॅमेरा दिसावयास तसाच. परंतु त्यास आरसा नाहीं आणि भिंग अंगचेंच, न निघणारें. खिशांतला लहान कॅमेरा आणि आरशाचा कॅमेरा यांमधील हा सेतु, म्हणून त्यास हें नांव. त्याचें सामर्थ्य झूममध्यें. २०१८ सालीं निघालेल्या निकॉनच्या पी १००० चा झूम १२५ पट आहे. जुन्या ३५ मि. मी. फिल्मच्या मापानें बोलावयाचें तर २४ पासून ३००० मि. मी. पर्यंत. आरशाच्या साध्या कॅमेऱ्यास एवढा पल्ला द्यावयाचा तर सुमारें २००० मि. मी. चें भिंग लागेल, आणि तें गृहस्थाच्या आवाक्यांतलें नव्हे.

मग हें एका यंत्रास साधतें आणि दुसऱ्यास साधत नाहीं, असें कां ? सारें मर्म येथेंच आहे. पी १००० चें भिंग प्रत्यक्षांत ५३९ मि. मी. चेंच आहे, परंतु त्यामागची पाटी अगदीं लहान आहे. लहान पाटीवर दृश्याचा लहानसाच तुकडा मावतो, आणि तोच चित्रभर पसरला कीं वस्तु जवळ आल्यासारखी दिसते. ही पाटी सुमारें ६ मि. मी. लांब व साडेचार मि. मी. रुंद असते, तिचें क्षेत्रफळ २८ चौरस मि. मी. आरशाच्या साध्या कॅमेऱ्याची पाटी सुमारें २२ मि. मी. लांब व १५ मि. मी. रुंद, क्षेत्रफळ ३३० चौरस मि. मी. म्हणजे जवळजवळ बारा पट. पावसाळ्यांत पागोळ्यांखालीं एक घंगाळ आणि एक वाटी शेजारीं शेजारीं ठेवावी. पाऊस दोहोंवर सारखाच. पण पाणी कोणांत किती सांठेल, हें सांगावयास शाळामास्तर नको. प्रकाशाचेंहि तसेंच आहे. भर दुपारीं, मुसळधार प्रकाशांत, वाटीहि भरते आणि दोन्ही चित्रें सारखींच गोड दिसतात. दिवेलागणीस मात्र वाटीचा तळहि भिजत नाहीं. मग यंत्र आंतल्या आंत तो तुटपुंजा प्रकाश फुगवून घेतें. त्यामुळें चित्रावर रवा उमटतो. आणि तो रवा पुसण्याच्या भरांत चेहऱ्यावरच्या बारीक रेषाहि पुसल्या जातात. शिवाय झूम लांबवावा तसतसें भिंगाचें तोंड सापेक्षतः अरुंद होतें. पी १००० मध्यें तें एफ २·८ पासून एफ ८ पर्यंत जातें. म्हणजे शेवटीं प्रकाश आठवा हिस्साच उरतो.

आतां आमच्या अधिकाराची किंमत सांगतों. तीन वर्षांपूर्वीं मातुःश्रींचें सहस्रचंद्रदर्शन झालें. पुतण्यानें मित्राकडून एक लांब झूमचा कॅमेरा मागून आणला होता. संध्याकाळीं गच्चीवर जाऊन त्यानें चंद्र टिपला आणि खालीं येऊन सर्वांस दाखविला. खड्डा न् खड्डा स्पष्ट ! मातुःश्री म्हणाल्या, "अरे, हजारदां पाहिला, पण असा नव्हता रे पाहिला." मग माजघरांत औक्षण झालें. आमचें घर जुनें. माजघरांत दुपारींहि दिवा लागतो. निरांजनांच्या उजेडांत पुतण्यानें तीसचाळीस चित्रें घेतलीं. फ्लॅशचा लखलखाट मातुःश्रींच्या मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांस सोसेना, म्हणून तो पहिल्या दोनचार चित्रांनंतर बंद केला. दुसऱ्या दिवशीं सारीं चित्रें मोठ्या पडद्यावर पाहिलीं. चंद्र जसाच्या तसा. आणि मातुःश्रींचा चेहरा ओल्या कांचेतून पाहावा तसा. सुरकुत्या नाहींत, डोळ्यांतलें पाणी नाहीं. आशीर्वादाला उचललेला हात म्हणजे नुसता पांढुरका फराटा. "पुन्हां केव्हां तरी दिवसाउजेडीं काढूं," असें आम्ही म्हणालों. पुढच्या आषाढांत त्या गेल्या. आज भिंतीवर लावण्यासारखें त्या दिवसाचें एकच उत्तम चित्र आमच्याजवळ आहे, आणि तें चंद्राचें आहे.

यांत यंत्राचा दोष नव्हता. दूरचें पाहण्यासाठीं घडविलेल्या वस्तूस आम्हीं जवळचें, आणि तेंहि अंधारांतलें, पाहावयास लावलें. पुतण्याचा पक्षहि खोटा नव्हे. थंडीच्या दिवसांत तो भिगवणला, उजनी धरणाच्या फुगवट्यावर, रोहित पक्षी पाहावयास जातो. आरशाच्या कॅमेऱ्याबरोबर बहुधा मिळणारें १८ ते ५५ मि. मी. चें भिंग तेथें लावावें, तर हजार पक्ष्यांची एक गुलाबी रेघ दिसते. ब्रिज कॅमेऱ्यांत एकेकाची वांकडी चोंच दिसते. पिशवींत एकच वस्तु, भिंग बदलतांना आंत धूळ जाण्याचें भय नाहीं, पुढें भिंगांवर खर्च नाहीं. मात्र त्याच्याहि मर्यादा जाणाव्या. ऊन तापल्यावर पाण्यावरची हवा थरथरते आणि ३००० मि. मी. वर ती थरथरच चित्रांत उतरते. उडत्या पक्ष्यावर नजर पकडण्यांत हीं यंत्रें सामान्यतः आरशाच्या कॅमेऱ्यापेक्षां मंद. आणि पी १००० ची बॅटरी एका भरण्यांत सुमारें २५० चित्रें देते. त्याच कंपनीचा, त्याच सालचा डी ३५०० हा साधा आरशाचा कॅमेरा सुमारें १५५० देतो.

उंबऱ्यावरचा दिवा आंत-बाहेर दोहींकडे उजेड देतो, यास आपल्या शास्त्रांत देहलीदीपन्याय म्हणतात. तसा ब्रिज कॅमेराहि आहे. २०१७ सालीं निघालेल्या सोनीच्या आर. एक्स. १० मालेंतील चौथ्या कॅमेऱ्याची पाटी वरच्या लहान पाटीच्या चौपट आहे आणि पल्ला ६०० मि. मी. पर्यंत. परंतु या दिव्यास तेल फार लागतें. साध्या आरशाच्या कॅमेऱ्याहून तो कितीतरी महाग.

अखेर निकाल लागला तो वादानें नव्हे. धाकट्या वहिनींनीं कपाटांतून जुना आल्बम काढला आणि म्हणाल्या, "भावजी, आपण आजवर कशाचीं चित्रें जपलीं, तेवढें मोजूं या." मोजलीं. पन्नास चित्रांपैकीं त्रेचाळीस दहा-पंधरा हातांच्या आंतून घेतलेलीं. त्यांतलीं एकतीस घरांतलीं, नाहीं तर कार्यालयांतलीं. बारसें, मुंज, मंगळागौर, कोणाचें तरी आजारपणानंतरचें पहिलें जेवण. दूरचीं म्हणावीं तीं सात. त्यांतलीं चार रायगडाचीं. पुतण्या कांहीं बोलला नाहीं, पण मोजणी त्यानेंहि पुन्हां एकदां केली.

आम्हीं आरशाचा कॅमेरा घेतला, तोहि वापरलेला. या मार्गानें जाणारांस कांहीं सूचना कराव्याशा वाटतात. मोठ्या कंपन्यांचा ओढा आतां आरशाविरहित कॅमेऱ्यांकडे आहे. निकॉनच्या साध्या मालेंत २०१८ च्या डी ३५०० नंतर नवा आरशाचा कॅमेरा आलाच नाहीं. त्यामुळें वापरलेले पुष्कळ मिळतात. घेतांना त्याची कळ आजवर किती वेळां दाबली गेली तो आंकडा विचारावा. आरशाविरहित घेतला तरी पाटी तेवढीच मोठी मिळत असल्यास आमचें म्हणणें त्यासहि लागू. दुसरें, पहिल्या भिंगावर थांबूं नये. ५० मि. मी., एफ १·८ असें एक लहानसें भिंग मिळतें. नव्या भिंगांत तें स्वस्तांपैकीं असतें, आणि सोबत आलेलें भिंग ५० वर ठेवलें असतां जितका प्रकाश घेतें, त्याच्या नऊ-दहा पट हें घेतें. माजघराचें खरें औषध तेंच. डी ३५०० सारख्या कॅमेऱ्यांत भिंग फिरविणारी मोटार नसते. ती भिंगांतच आहे ना, हें पाहून घ्यावें. आणि पावसाळ्यांत, विशेषतः कोंकणांत, कोणताहि कॅमेरा कपाटांत कोंडूं नये; भिंगावर बुरशी चढते. घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावा.

तेव्हां पत्रलेखिका भगिनींस आमचें उत्तर असें : मुलाचें किंवा यजमानांचें ऐकूं नका, आपल्या आल्बमाचें ऐका. घरांत कोणास पक्ष्यांचें खरेंच वेड असेल आणि घर भरपूर उजेडाचें असेल, तर ब्रिज कॅमेरा खुशाल घ्या; त्यांत कमीपणा कांहींच नाहीं. परंतु घरांत वडील माणसें असतील आणि तीं अंधाऱ्या खोलींत बसत असतील, तर मोठी पाटी व मोठ्या तोंडाचें भिंग घ्या, आणि तें आजच घ्या. चंद्र पुढच्या पौर्णिमेस पुन्हां येईल.

आमचा पुतण्या अजून थोडा रुसलेला आहे, आणि त्याचा रुसवा रास्त आहे. यंदाच्या दिवाळींत त्यास लांब भिंग घेऊन देण्याचें आम्हीं कबूल केलें आहे. परंतु नव्या कॅमेऱ्याचें पहिलें चित्र त्यानेंच घेतलें. आमच्या आत्याबाई, वय ८३, माजघराच्या खिडकीशीं वाती वळीत बसल्या होत्या. फ्लॅश नाहीं, "इकडे पाहा" नाहीं. चित्र पडद्यावर पाहून त्या आपल्याच मनगटाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "अगो बाई, माझं गोंदण अजून हिरवं आहे की !" आम्हीं त्या घरांत साठ वर्षें काढलीं, तें गोंदण आमच्याहि दृष्टीस त्या दिवशींच पडलें.